हशा म्हातारा कसा होतो?

भाचीला म्हटलं, बस, तुला आमच्या वेळचा खरा स्टँडअप दाखवतो. ज्या रेकॉर्डिंगवर आम्ही मित्र एकेकाळी अक्षरशः गडाबडा लोळलो होतो, तेच लावलं. पहिली दहा मिनिटं मी पडद्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होतो. ती बिचारी सभ्यपणे बसली होती. पडद्यावरचं प्रेक्षागृह हशाने फुटत होतं आणि आमच्या खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येत होता. शेवटी तिने विचारलं, "मामा, ही माणसं नेमकी कशाला हसतायत?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण तोवर मीही एकदासुद्धा हसलो नव्हतो. सगळ्या पंचलाइन तोंडपाठ होत्या, कुठे थांबायचं तेही आठवत होतं, पण हसू काही फुटेना. दोन ठिकाणी तर भाची शेजारी बसलीय याचीच लाज वाटली.

हल्ली हा अनुभव पुष्कळांना येतो, कारण जुने कार्यक्रम आता बोटाच्या एका टिचकीवर आहेत. एखाद्या नामवंत कॉमेडियनची वीस-तीस वर्षांपूर्वीची क्लिप वर येते आणि दोन तट पडतात. एक म्हणतो, हा असं बोलूच कसा शकला? दुसरा म्हणतो, लोकांची विनोदबुद्धीच मेली. भांडण दोन दिवस चालतं आणि मूळ प्रश्न तसाच राहतो: शब्द तेच, माणूस तोच, टायमिंगही तेच. मग बिघडलं काय?

अर्धा विनोद तुमच्या डोक्यात असतो

स्टँडअपचा विनोद दोन तुकड्यांचा. पहिला सेटअप, म्हणजे तुमच्या मनात एक अपेक्षा तयार करणारी मांडणी. दुसरी पंचलाइन, म्हणजे त्या अपेक्षेला दिलेला झटका. पण अपेक्षा उभी राहते ती तुमच्या मनात, रंगमंचावर नाही. "माझी बायको गाडी चालवत होती," एवढं म्हणून कॉमेडियन थांबतो तेव्हा पुढे काय येणार याचा अंदाज तुम्ही बांधलेला असतो. तो तुमच्याच डोक्यातला माल वापरून तुम्हाला चकवतो. किल्ली तो घेऊन येतो, कुलूप तुमचं असतं. रेकॉर्डिंगमध्ये किल्ली जशीच्या तशी जपली जाते. कुलपं मात्र दर दहा-पंधरा वर्षांनी बदलतात.

म्हणूनच रेकॉर्डिंगमधली सर्वांत जुनी झालेली गोष्ट म्हणजे त्यात हसणारे प्रेक्षक. त्या रात्री त्या माणसांना काय ठाऊक होतं, कशाची भीती होती, कशाची लाज होती, ते सगळं त्या हशात आहे आणि ते आपल्याला ऐकू येत नाही.

झटक्याचं हसू का होतं, यावर पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरेन या संशोधकांनी २०१० मध्ये एक उपपत्ती मांडली. तिला मराठीत 'निरुपद्रवी उल्लंघन' म्हणता येईल. कुठला तरी नियम मोडला गेला पाहिजे आणि त्याच क्षणी 'काही बिघडलं नाही' असंही वाटलं पाहिजे. गुदगुल्यांचं उदाहरण घ्या. स्वतःला करून बघा, काही होत नाही, उल्लंघनच नाही. रस्त्यात अनोळखी माणसाने केल्या तर तुम्ही किंचाळाल. तिथे निरुपद्रवीपणा नाही. मित्राने केल्या की हसू येतं.

ही उपपत्ती सगळ्या हसण्याला पुरते असं मला वाटत नाही. पण विनोद जुना कसा होतो हे कळायला ती फार कामाची आहे. कारण तिच्यावरून दिसतं की विनोद दोन अगदी उलट दिशांनी मरू शकतो. एक, मोडलेला नियमच कुणी पाळेनासं होतं. दोन, 'काही बिघडलं नाही' असं वाटेनासं होतं.

नियमच उरला नाही तर

लेनी ब्रूस हा अमेरिकन कॉमेडियन. रंगमंचावर अश्लील बोलल्याबद्दल त्याला १९६१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अटक झाली. तिथे तो सुटला. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने मात्र दोषी ठरवून चार महिन्यांची शिक्षा दिली. अपील चालू असतानाच, १९६६ मध्ये, चाळिसाव्या वर्षी तो गेला. त्याला माफी मिळाली २००३ मध्ये, मरणानंतर ३७ वर्षांनी.

आज त्याची ती भाषणं ऐकणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो: यात पकडून नेण्यासारखं काय होतं? शिव्या आहेत, पण आता कुठल्याही वेबसिरीजमध्ये त्याहून जास्त असतात. त्या काळच्या श्रोत्याला एकाच वेळी हसू आणि घाम फुटत असणार, कारण दाराशी पोलीस उभा असण्याची खरीच शक्यता होती. आपल्याला घाम फुटत नाही, म्हणून हसूही फुटत नाही. ब्रूस लढाई जिंकला आणि त्या विजयातच त्याचे बरेच विनोद गेले.

याचा आणखी घरगुती नमुना म्हणजे फिलिस डिलर. पाच मुलांची आई असलेली ही बाई १९५५ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी स्टँडअपला उभी राहिली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात तिचं लोखंडी कपाट आहे. त्याला खणच खण, आणि खणांत टंकलिखित कार्डं, पन्नास हजारांहून अधिक. एका कार्डावर साधारण एक विनोद, कार्डं विषयवार लावलेली, लायब्ररीत असायची तशी. २०१७ मध्ये संग्रहालयाने स्वयंसेवकांकडून ही कार्डं उतरवून घेतली.

तिचे विनोद मुख्यतः स्वतःवर: मला स्वयंपाक येत नाही, घर आवरत नाही, नवरा बिनकामाचा, तोंडाकडे बघवत नाही. आज हे वाचून जेमतेम ओठ हलतात. यात एवढं काय? पण १९६० च्या आसपास टीव्हीवरच्या जाहिरातीतली गृहिणी फरशीच्या चकचकाटावर खूश होती, आणि त्याच पडद्यावर ही बाई विस्कटलेल्या केसांनी येऊन 'मला हे जमत नाही आणि आवडतही नाही' म्हणत खदाखदा हसत होती. समोरच्या बायकांना ते किती मोकळं करणारं वाटलं असेल! आता ते वाक्य कुणीही चारचौघांत सहज बोलतं. त्या पन्नास हजारांतली पुष्कळशी कार्डं त्यामुळेच आज नुसती कार्डं आहेत.

आणि 'काही बिघडलं नाही' असं वाटेनासं झालं तर

हे दुसरं मरण जास्त गाजतं. ग्रीक भाषेतलं 'फिलोगेलोस' नावाचं एक विनोदांचं बाड आहे, साधारण चौथ्या-पाचव्या शतकातलं, अडीचशेहून अधिक विनोदांचं. त्यात अब्देरा नावाच्या गावातल्या माणसांना मूर्ख ठरवून केलेले विनोद आहेत. त्यातला एक: अब्देराचा माणूस क्रुसावर चढवलेल्या एका धावपटूला बघतो आणि म्हणतो, "वा, हा आता धावत नाही, उडतोच आहे!" ज्या समाजात अशी शिक्षा रस्त्याकडेला दिसायची, तिथे कुणीतरी याला हसलं असणार. आपण वाचतो आणि पोटात गोळा येतो. विनोदाची रचना आजही चोख आहे. फक्त आपली नजर अब्देराच्या मूर्खावर न जाता वर टांगलेल्या माणसावर जाते.

स्टँडअपमध्ये नेमकं हेच घडतं. अमेरिकन कॉमेडियन एडी मर्फीचे १९८० च्या दशकातले कार्यक्रम आठवा: चामड्याचा लाल सूट, वय जेमतेम बावीस, आणि हजारो लोक टाचांवर उभे. त्यातला एक मोठा भाग समलिंगी पुरुष आणि एड्स यांच्यावर होता. सभागृह हसत होतं, कारण बहुतेकांच्या लेखी ती माणसं 'कुठेतरी दूर' होती. पुढच्या काही वर्षांत एड्सने किती घरं उद्ध्वस्त केली ते जगाने पाहिलं. मर्फीने १९९६ मध्ये त्या विनोदांबद्दल माफी मागितली आणि २०१९ मध्ये, आपलं जुनं काही ऐकताना अंगावर काटा येतो असंही मुलाखतीत सांगितलं.

इथे शब्दांपेक्षा अंतर महत्त्वाचं. ज्याच्यावर विनोद आहे तो सभागृहाबाहेर असेल, गप्प असेल, तर हसणं सोपं जातं. तो तिकीट काढून तिसऱ्या रांगेत येऊन बसला, किंवा स्वतःच माइक हातात घेऊन उभा राहिला, की तेच वाक्य जड होतं. गेल्या तीस-चाळीस वर्षांत नेमकी हीच मंडळी सभागृहात आली आणि रंगमंचावरही गेली. चव बदलली असं आपण म्हणतो, त्यातला मोठा वाटा या साध्या गोष्टीचा आहे.

कधी एका रात्रीत, कधी नव्व्याण्णव दिवसांत

विनोद म्हातारा व्हायला दरवेळी दशकं लागतातच असं नाही. जॉर्ज कार्लिन या अमेरिकन कॉमेडियनने ९ आणि १० सप्टेंबर २००१ ला लास वेगासमध्ये नव्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग केलं. शीर्षकाचा अर्थ साधारण असा: पुष्कळ माणसं मरतात तेव्हा मला बरंच वाटतं. उपरोध होता, कार्लिनच्या चाहत्यांना तो कळत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले. शीर्षक रद्द झालं, तो मजकूर कपाटात गेला आणि लोकांसमोर आला २०१६ मध्ये, कार्लिनच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी.

त्याच महिन्यात गिल्बर्ट गॉटफ्रीडने न्यूयॉर्कमधल्या एका समारंभात विमानावरून विनोद केला: थेट फ्लाइट मिळाली नाही, वाटेत एम्पायर स्टेट बिल्डिंगला थांबावं लागणार म्हणे. सभागृह थिजलं. कुणीतरी ओरडलं, "फार लवकर!" तो पुढे सांगायचा, की मला वाटलं मी पंचलाइनआधी थांबायला कमी पडलो. (हाडाचा कॉमेडियन तो हा.)

मॅकग्रॉ आणि सहकाऱ्यांनी मग हे मोजूनच पाहिलं. २०१२ च्या सँडी चक्रीवादळावरचे विनोद त्यांनी वेगवेगळ्या दिवशी लोकांना वाचायला दिले. वादळाने केलेली हानी ताजी असताना ते विनोद लोकांना फारसे रुचले नाहीत. मग हळूहळू रुचू लागले आणि साधारण ३६ व्या दिवशी सर्वांत मजेशीर वाटले. ९९ व्या दिवशी पुन्हा फिके पडले. आधी फार जवळ, मग बेताचं अंतर, मग इतकं लांब की कुणाला सोयरसुतक नाही. राजकारणावरचे विनोद या तिसऱ्या टप्प्यात धडाधड मरतात. मॉर्ट साल हा कॉमेडियन १९५० च्या दशकात हातात वर्तमानपत्र घेऊन उभा राहायचा आणि स्टँडअपला त्याने नवं वळण दिलं. पण ते वर्तमानपत्र आता रद्दीत आहे.

जो जिंकतो त्याची नक्कल होते

एक मरण मात्र कलाकाराच्या यशामुळेच येतं. 'तुमच्या कधी लक्षात आलंय का…' अशी सुरुवात करून विमानातल्या सूचना, लिफ्टमधली शांतता असल्या बारीकसारीक गोष्टींवर बोलायची पद्धत एकदा ताजी होती. मग ती इतक्या जणांनी उचलली की मूळ माणसालाच आज ऐकणारा म्हणतो, हे तर सगळेच करतात! त्याला आधी नकला भेटल्या, अस्सल नंतर. यात दोष कुणाचाच नाही, आणि उपायही नाही.

"लोकच फार हळवे झालेत" हे कितपत खरं?

हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकतो आणि पूर्वी मीही घेतला आहे. त्यात एक घोळ आहे. लोक आधी निबर होते आणि आता हळवे झाले, असं इतिहास दाखवत नाही. ब्रूसला हॅशटॅगने नाही, कोर्टाने गाठलं. कार्लिनला १९७२ मध्ये मिलवॉकीत टीव्हीवर न चालणारे सात शब्द उच्चारल्याबद्दल अटक झाली. त्याच धर्तीचा तुकडा रेडिओवर लागला म्हणून खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९७८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल रेडिओ केंद्राच्या विरोधात लागला. तेव्हाचे लोक शिवी, देव आणि अंथरुण यांबाबत हळवे होते. त्याच काळात एखाद्या वंशाची, बाईची, अपंगाची टर उडवली तर कुणाच्या कपाळावर आठी पडत नसे. आता नेमकं उलटं आहे. हळवेपणाची जागा बदलली, त्याचं माप वाढल्याचं मला तरी दिसत नाही.

आणि हा बदल फोन हातात आलेल्या पोरांनी केला असंही नाही. लंडनमध्ये १९७९ साली कॉमेडी स्टोअर सुरू झालं, तिथल्या तरुण कॉमेडियनांनी सासू, परदेशी माणूस आणि बाईचं शरीर यांवरचे ठरीव विनोद ठरवून टाकून दिले. त्यांना कुणी भाग पाडलं नव्हतं. त्यांना ते विनोद कंटाळवाणे वाटत होते.

तरी आक्षेपातला एक भाग मला पटतो. स्टँडअपचा विनोद टेबलावर बसून पुरा होत नाही. तो लहानशा खोलीत, तीस माणसांसमोर, पडत-झडत तयार होतो. कुठला शब्द टोचतो, कुठे अन्याय होतो, हे कलाकाराला समोरच्या शांततेतूनच कळतं. म्हणजे ते कच्चं लिखाण असतं, फक्त मोठ्याने बोललेलं. कुणीतरी खिशातून फोन काढतो, त्या कच्च्या मजकुरातले वीस सेकंद जगभर जातात, आणि माणूस सुधारणा करायच्या आधीच निकाल लागतो. काही कॉमेडियन आता प्रेक्षकांचे फोन दाराशीच कुलूपबंद पिशवीत घालून घेतात, ते मला नखरा वाटत नाही.

मग जुने कलाकार मोडीत काढायचे?

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. मर्फीचा तुकडा आज खटकतो तो त्यातल्या मजकुरामुळे. बिल कॉस्बी या अमेरिकन कॉमेडियनचं तसं नाही. त्याचा विनोद घरातला, मुलाबाळांचा, एकही शिवी नसलेला. अशा मजकुराला काळाने फारसं काही करायला नको होतं. पण पन्नासहून अधिक स्त्रियांनी त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचे जाहीर आरोप केले. २०१८ मध्ये तो दोषी ठरला. २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने खटला ज्या रीतीने उभा राहिला त्यावर बोट ठेवून ती शिक्षा रद्द केली. आता त्याच्या तोंडून प्रेमळ बापाची गोष्ट ऐकताना किल्ली-कुलूप शाबूत असूनही दार उघडत नाही, कारण दाराशी कोण उभं आहे हे आपल्याला कळलेलं आहे. स्टँडअपमध्ये माणूस स्वतःच्याच नावाने बोलतो, ही त्याची ताकद. तीच इथे त्याच्यावर उलटते.

उलट रिचर्ड प्रायर हा कृष्णवर्णीय कॉमेडियन बघा. कृष्णवर्णीयांसाठी वापरली जाणारी ती कुप्रसिद्ध शिवी त्याने आपल्या विनोदात इतकी वापरली की ती त्याची ओळख झाली होती. १९७९ मध्ये तो केनियाला गेला आणि परतल्यावर त्याने तो शब्द सोडला. का सोडला, ते त्याने गंभीर चेहऱ्याने व्यासपीठावरूनच सांगितलं आणि सांगतानाही हसवलं. प्रेक्षक बदलायच्या आधी बदलणारे असे कलाकार थोडे असतात. बाकीचे एकतर तेच तेच म्हणत राहतात किंवा 'आता काही बोलायची सोय राहिली नाही' हाच त्यांचा तासाभराचा कार्यक्रम होतो. या दुसऱ्या प्रकाराचा मला मनापासून कंटाळा आहे.

आपण तरी कुठे तेच असतो

आठवणींवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना एक गोष्ट वारंवार दिसते: वयस्कर माणसांना आयुष्यातल्या दहा ते तीस या वयाच्या आठवणी सर्वांत दाट असतात. गाणी, खेळाडू, मित्र, सगळे तिथलेच. कॉमेडियनही तिथलाच. 'आमच्या वेळी खरे विनोदी लोक होते' असं प्रत्येक पिढी म्हणते ती त्यामुळे.

शिवाय आपण ते एकटे ऐकलं नव्हतं. रॉबर्ट प्रोव्हाइन या संशोधकाने माणसांचं रोजचं हसणं वर्षानुवर्षं टिपलं. त्याला आढळलं, की माणूस एकट्यापेक्षा सोबतीत सुमारे तीस पट जास्त हसतो. मी ते रेकॉर्डिंग पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खोलीत सात जण होतो, एकमेकांच्या अंगावर पडत होतो. त्या रात्रीचं निम्मं श्रेय कलाकाराला नाही, त्या सहा जणांना आहे.

आजचा प्रेक्षक बहुधा एकटा, कानात बोंडं घालून, फोनवर मिनिटभराची क्लिप बघतो. विनोद ज्या भांड्यात येतो त्याचा आकार घेतो. एलपी, म्हणजे तबकडीवरची ध्वनिमुद्रिका होती तेव्हा आवाजाचे बादशहा झाले. टीव्हीच्या रात्रीच्या कार्यक्रमात पाच स्वच्छ मिनिटं मिळायची, तेव्हा छोटे घोटीव विनोद चालले. १९७५ च्या शेवटी एचबीओ या अमेरिकन टीव्ही वाहिनीवर तासाभराचे कार्यक्रम सुरू झाले आणि लांब, कबुलीवजा गोष्टी सांगायला जागा मिळाली. आता क्लिपचे दिवस आहेत, म्हणून क्राउड वर्क जोरात आहे. म्हणजे पुढच्या रांगेतल्या माणसाशी आयत्या वेळी केलेली जुगलबंदी. त्यामागे धंद्याचं साधं गणित आहे. लिहिलेला विनोद क्लिपमध्ये दिला तर तो तिकीट काढणाऱ्यासाठी संपला. जुगलबंदी पुन्हा होणारच नसते, ती फुकट वाटली तरी तोटा नाही.

काहीच टिकत नाही का?

टिकतं. बॉब न्यूहार्टची १९६० ची ध्वनिमुद्रिका ऐका. त्यात तो जाहिरात कंपनीतला माणूस होऊन अब्राहम लिंकनशी फोनवर बोलतो: दाढी काढू नका, भाषणात स्वतःचे बदल करू नका, आम्ही लिहिलंय तेच वाचा. लिंकन काय म्हणतो ते आपल्याला एकदाही ऐकू येत नाही. न्यूहार्ट फक्त थांबतो, चाचरतो, "हो… हो… बरं…" म्हणतो. त्या रिकाम्या जागेत लिंकनला बोलतं करायचं काम श्रोत्याचं, आणि प्रत्येक पिढीचा श्रोता ते आपल्या पद्धतीने करतो. नेत्यांची प्रतिमा सांभाळणारी माणसं तेव्हा नवी होती, आता तर जिकडेतिकडे आहेत. त्यामुळे हा विनोद चढतच गेला आहे.

भाचीला मी त्या रात्री हे ऐकवलं नाही. एक तर माझी पत गेली होती. दुसरं, ती झोपायला उठली होती. जाता जाता मी तिला 'फिलोगेलोस'मधलाच दुसरा विनोद सांगितला. बडबड्या न्हाव्याने गिऱ्हाइकाला विचारलं, "केस कसे कापू?"

"गप्प बसून."

ती दारात थांबून हसली. मग म्हणाली, "हा तुझ्या त्या माणसाचा आहे?"

"नाही गं," म्हटलं, "त्याच्यापेक्षा थोडा जुना आहे."